अनारशांचं वाण

मुलीचं लग्न ठरवताना व्याह्यांनी मुलगा गर्द ओढतो हे लपवलं. मी पालघरला भंगारातून धंदा उभा केला, बोईसरच्या कारखान्यांतली जुनी पिंपं आणि यंत्रं वाजवून, घासून, उघडून घेतली. त्यात मला कोणी फसवलं नाही. फसवलं ते सोयरिकीत. ती सल अजून गेलेली नाही. मुलीने मात्र नवरा सोडला नाही. पालघरच्या एका डॉक्टरांकडे त्याचे उपचार सुरू केले. ठराविक दिवसांनी लघवीचा नमुना मुंबईला जाई, आणि जावयाच्याच संमतीने अहवाल मलाही कळे. केळव्याच्या शीतलादेवीशी मी व्यवहार केला होता: अहवाल चांगले येत राहिले तर दर मंगळवारी तुझ्या पायाशी येईन, एक जरी वाईट आला, तर मुलगी माझ्या घरी. देवी काही बोलली नाही. मी ते मान्य धरलं.

अधिक महिन्यात तो वाईट अहवाल आला. डॉक्टर म्हणाले, "आधी त्याला माझ्याकडे पाठवा. हा निकाल नव्हे, त्याच्याशी बोलायला निमित्त आहे." मी ऐकून घेतलं आणि तडक बोईसरला त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. जावई पहिल्या पाळीहून नुकताच आला होता. "बाबा, मी नाही ओढली. आईची शपथ."

"शपथा तुमच्या वडिलांनीही घेतल्या होत्या, जावईबापू," मी म्हणालो. मुलगी उसळली. "बाबा, भंगारातलं पिंपसुद्धा तुम्ही उघडून बघता. माणसाला विचारायचंही नाही?" मी आवाज चढवला, शेजारी दारात आले, आणि सकाळी टेंपो घेऊन येतो, सामान बांधून ठेव, असं बजावून मी निघालो.

सकाळी टेंपो आधी केळव्याकडे वळवला. देवीला सांगायचं होतं की तुझी बाजू तू पाळली नाहीस, आता येणं बंद. बोललो तसं मनात, पण मन हलकं झालं नाही. सभामंडपात टेकलो. तिथे एक कुटुंब आलेल्यांना अनारसे वाटत होतं. माझ्या शेजारी दातिवऱ्याची एक कोळीण बसली होती. तिने हात आखडला. "नको गं बाय. खसखस मला सोसत नाय. आफूचीच लेक ती. दोन खाल्ले का दुपारभर पेंगते, नि आमचा म्हातारा बोलतो, मी ताडी पितो तर भांडतेस, नि तूच नशेत हायस!" सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या हातातल्या अनारशाची एक बाजू खसखशीने पांढरी झाली होती.

अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण द्यायची रीत आहे. नमुना देण्याच्या आदल्या रात्री तो आमच्याकडे जेवायला होता. बायको ताटात अनारसे टाकत होती, तो पुरे म्हणत होता, आणि मीच म्हणालो होतो, "सासरी पुरे म्हणायचं नसतं." गर्द अफूपासूनच होते हे ठाऊक होतं; पण नशा शोधणारी तपासणी आणि नैवेद्याची खसखस यांचा काही संबंध असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

टेंपो पालघरला डॉक्टरांकडे फिरवला. ते म्हणाले, "शक्य आहे. नक्की आत्ता सांगता येणार नाही. अधिक बारकाईची तपासणी करून घेऊ, तोवर त्याला खसखस देऊ नका." मग म्हणाले, "आणि त्याने ओढली असती, तरी मी त्याला हाकललं नसतं. उपचार वाढवले असते." मी आयुष्यभर खोटा माल परत केला होता; आजारी माणूस तसा परत करता येत नाही, हे मला कोणी इतक्या साधेपणाने सांगितलं नव्हतं.

नवा अहवाल यायला वेळ होता. मी वाट पाहिली नाही. बोईसरला गेलो तेव्हा मुलीने सामान खरंच बांधलं होतं, जावई दाराशी उभा होता. मी म्हणालो, "सोड ती बोचकी. चहा टाक." तिने माझ्याकडे बघितलं आणि स्टोव्ह पेटवला. जावयाला मी पहिल्यांदाच विचारलं, दिवस कसे जातात, रात्री झोप लागते का. तो बोलत राहिला. आमचा चहा निवून गेला.

पुढे बारकाईच्या तपासणीत गर्द निघाली नाही. त्यानंतर तो एकदा खरोखर घसरला, पुन्हा सावरला. मुलगी त्याच्याच घरी आहे. त्या कोळणीला देवीने पाठवलं की ती आपल्या कामाने आली होती, याचा काथ्याकूट मी करत नाही. तिचं नावही विचारलं नाही, याची रुखरुख आहे. व्याह्यांशी अजून बोलत नाही. तेवढं देवीने सांभाळून घ्यावं.

मंगळवारी केळव्याला जातो. या सगळ्यानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने अट घालायला तोंड उघडलं, पण काही सुचेना. नमस्कार केला आणि बाजूला झालो. मागे माणसं दर्शनाला उभी होती.