नसलेल्या मजल्याचे मालक

पिकअप लावून खाली उतरलो तर वर्कशॉपचा मल्याळी फोरमन दारातच उभा. एरवी मी त्याची नक्कल करतो म्हणून मला बघितलं की शिव्या घालतो. त्या दिवशी म्हणाला, "हसनभाई चला गया. लकडी काट रहा था, बैठ गया, बस." मला वाटलं, माझ्या नकलांचा सूड घेतोय. मी हसलोसुद्धा. मग आत बघितलं तर सगळ्या मशीन बंद... दुपारी बाराला ते वर्कशॉप इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.

काही महिने झाले त्याला. दफन इथंच, दोह्यात झालं. माझा गोंधळ मात्र अजून संपत नाही, म्हणून लिहितोय.

हसन इस्माईल मुकादम, रत्नागिरीकडचे सुतार. इथल्या मुशैरिब भागात आमच्या रूममध्ये माझ्या खालच्या खाटेवर झोपायचे. मी सातारा साइडचा, आल्या आल्या सगळ्यांच्या नकला सुरू केल्या. अरबाब म्हणजे आमचा अरबी मालक, कॅम्प बॉस, एअर इंडियाची बाई, कुणालाच सोडलं नाही. हसनभाई हसून लोळायचे आणि म्हणायचे, "नकल्या, तुझ्या शाळेत मास्तर जिवंत राहिले कसे रे?"

गावाला त्यांनी घर बांधलं होतं. तळमजला झाला, वर जायचा जिना झाला, आणि तेवढ्यात व्हिसा आला. मजला राहिला. बायको-मुलगी माहेरी, घराला कुलूप. तर नगरपालिकेच्या माणसानं खालून जिना बघितला आणि लिहून टाकलं, घर दुमजली! घरपट्टी दोन मजल्यांची. हसनभाईंनी इथून पत्र टाकलं, एका मजल्याची घ्या, दुसरा कुठाय? पालिकेनं दावा लावला. कुलपावर नोटिसा चिकटवल्या, त्या वाचायला कोण होतं? शेवटी घर लिलावात काढा म्हणून मागणी केली. मालक परदेशात, म्हणून कोर्टानं त्यांच्या बाजूनं बोलायला एक वकील नेमून दिला. सावंत वकील. यांनी त्याला बघितलेलं नाही, त्यानं यांना बघितलेलं नाही.

दाव्याची ही सगळी बातमी मेहुण्यानं, गफूरनं, कॅसेटमध्ये भरून पाठवली. आमच्याकडं सगळं कॅसेटवरच चालतं. लग्न, भांडण, मुलांचे पाढे, सगळं. त्या कॅसेटच्या शेवटी गफूर म्हणतो, "वकील बोलले, मालक आले की माझं काम संपलं."

झालं! हसनभाईंनी ते वाक्य धरून ठेवलं.

"म्हणजे मी गेलो की वकील गेला," ते म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, मग दुसरा करा."

"हा फुकट भांडतोय बाबा. आणि मी जज्जापुढं उभा राहिलो तर काय बोलणार? मला रंधा मारता येतो, बोलता येतं का?"

सुट्टी आली तेव्हा गेले नाहीत. सामान भरलेलं होतं, मुलीची फ्रॉकं, भाभींसाठी सेंट. सगळं मलाच दिलं आणि म्हणाले, "तू जातोयस ना? एवढं पोचव. आणि वकील कसा आहे ते बघून ये."

गेलो. कोर्टात बाकावर बसलो. पट्टेवाल्यानं दारात जाऊन पुकारा केला, "हसन इस्माईल मुकादम हाजीर है?" एकदा, दोनदा, तीनदा. माझी जीभ वळवळत होती. त्यांचा आवाज मला हुबेहूब येतो. पण कोर्ट म्हणजे आमची रूम नाही, गप्प बसलो. मग एक काटकुळा माणूस काळा कोट सावरत उठला. "मी त्यांच्यासाठी उभा आहे साहेब. मी स्वतः जिना चढून बघितलं. वरच्या मजल्यावर आभाळ आहे." जज्जसुद्धा हसले, पण तारीखच दिली.

बाहेर चहा पिताना वकील म्हणाले, "येणार कधी ते? एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा बसलोय मी. मालकाला बघायचंय हो एकदा."

परत येऊन मी हे सगळं रूममध्ये करून दाखवलं. पट्टेवाला मीच, जज्ज मीच, वकीलही मीच. हसनभाईंनी वकिलाचं तेवढं पुन्हा पुन्हा करायला लावलं. मी म्हटलं, "ते वाट बघतायत तुमची."

"बघ! इतका चांगला माणूस. असा घालवायचा असतो का?"

पुढच्या कॅसेटमध्ये भाभी रडत म्हणाल्या, "घर जाऊ दे, तुम्ही या." हसनभाईंनी टेप बंद केला. "निकाल लागू दे, जातो. इन्शाल्ला." दुसरी सुट्टीही तशीच गेली. घर वाचवायला घरी जायचं नाही... हे मला तेव्हा वेडेपणा वाटायचं, आणि रात्री पडल्यावर बरोबरही वाटायचं.

परवा गफूरची कॅसेट आली. वकील भेटायला आले होते म्हणे, भाभींच्या माहेरी बसून विचारत होते, दिसायला कसे होते हो? वारस म्हणून आता भाभींचं नाव लागलं. पुढच्या तारखेला पुकारा झाला तशा भाभी उठल्या आणि "हाजीर" म्हणाल्या. जज्जांनी वकिलांना सांगितलं, तुमचं काम संपलं. वकील बसलेच नाहीत. म्हणाले, "आता बाईंच्या तर्फे." आणि वकीलपत्र पुढं केलं. पालिकेच्या माणसाला जिना चढून बघावं लागलं. लिलावाची मागणी रद्द झाली.

म्हणजे हसनभाई गावाला गेले असते, तरी वकील राहिला असता? की ते गेले नाहीत म्हणूनच तो एवढा गुंतला? की गेले असते तर त्या दुपारी करवतीपाशी दुसरंच कुणी असतं, आणि हे जिवंत? मी सगळ्यांचे आवाज काढतो, पण याचं उत्तर कुठल्या आवाजात द्यायचं ते कळत नाही.

शुक्रवारी आम्ही खाली पेपर अंथरून एकत्र जेवतो. भात वाढून झाला की वाढणारा सवयीनं ओरडतोच, "हसनभाई, यल्ला, चला!" मग सगळे थांबतो, एकमेकांकडं बघतो. त्या वकिलासारखं त्यांच्यासाठी उठून उभं राहील, असं आमच्यात कुणी नाही.