पत्रिकेतली मोकळी जागा

पुण्याहून सकाळची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत एक बदलायची साडी, वहिनीने बळेच कोंबलेल्या तिखटामिठाच्या पुऱ्या आणि उरलेल्या लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा होता. लग्न होतं माझा विद्यार्थी प्रमोद घरत याच्या बहिणीचं, पनवेलजवळ सुकापूरला. लग्नाला जाते आहे असं मी घरी सांगितलं होतं. खरं सांगायचं तर मी ती पत्रिका लोकांच्या हातात कशी दिसते ते बघायला निघाले होते.

पत्रिकेची हकीकत आधी सांगते. मी उपयोजित कला शिकवते, म्हणजे जाहिराती, वेष्टनं, पत्रिका यांचं डिझाइन. गेली दोन-तीन वर्षं मी मुलांच्या मागे लागले आहे की छापायच्या आधी कागद कुठून येतो आणि पुढे कुठे जातो याचा विचार करा. महाविद्यालयात त्यामुळे मला ‘कचरावाल्या बाई’ म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही, पण वाटत नाही हे दाखवायला थोडे कष्ट पडतात. यंदा शेवटच्या वर्षाला मी प्रकल्प दिला: घरातली खरीखुरी छापायची वस्तू निवडा आणि कमीत कमी कागदात, एकाच शाईत, प्लास्टिकचा मुलामा न देता करून दाखवा.

प्रमोदने वनिताची, म्हणजे बहिणीची, पत्रिका निवडली. त्या भागातली पत्रिका म्हणजे चार पानांचं चकचकीत पुस्तकच असतं. निमंत्रक, व्यवस्थापक, मामा मंडळी, काका मंडळी, आणि शेवटी चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावांनी ‘आमच्या आत्तूच्या लग्नाला यायचं हं’. प्रमोदने सगळं छाटून हातकागदाचा एक लहानसा तुकडा केला, गेरूच्या रंगाची शाई, पाकीट नाही. वर-वधू, दोघांचे आईवडील, तिथी, स्थळ. बाकी सगळे ‘आणि समस्त आप्तेष्ट’ या तीन शब्दांत. मी वर्गात ती सगळ्यांना दाखवली आणि सर्वांत जास्त गुण दिले. मुलगा पुण्यात शिकतो या कौतुकापायी घरच्यांनीही तीच छापून वाटली.

घाट उतरून गाडी खोपोलीला थांबली तेव्हा हवा बदलली. पनवेलच्या स्टँडवर पोचेपर्यंत अंगाला चिकटा आला होता. प्रमोद आणि एक दिवस आधी येऊन राहिलेली त्याची वर्गमैत्रीण शर्मिला मला न्यायला आले होते. शर्मिलाचं अक्षर आमच्या वर्गात एक नंबर, आणि तोंडही तसंच. पण ती गप्प होती. प्रमोदने माझी पिशवी घेतली आणि खाली बघत सांगितलं, “मॅडम, मामांनी पत्रिका परत पाठवली.”

रिक्षात मला बाकीचं कळलं. मामा म्हणजे प्रमोदच्या आईचा भाऊ, बाळाराम. उलव्याकडच्या खाडीकाठी राहतो. पत्रिकेत त्याचं नाव नाही म्हणून त्याने ती आणणाऱ्याच्याच हाती परत दिली आणि लग्नाला येणार नाही असा निरोप धाडला. मी म्हटलं, रुसलाय, येईल. प्रमोद रस्त्याकडे बघत राहिला. रस्त्याच्या एका बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे होते, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली भातखाचरं.

दारात मांडव चढत होता. प्रमोदच्या आईने पाणी दिलं, पाट मांडला, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. बिरडं इतकं छान होतं की मी दुसऱ्यांदा मागितलं, आणि मागितल्यावर लक्षात आलं की घरात दुसरं कोणीच जेवत नाहीये. वडील, काशिनाथ, माझ्याशी अदबीने बोलत होते, पण मुलाकडे बघत नव्हते. वनिता आतल्या खोलीत बसून होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

वधूला हात धरून मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे मामाचं काम. ते तुमच्याआमच्याकडेही असतं. पण आपल्याकडे मामा नसला तर कुणीतरी चुलतमामा उभा करून वेळ मारून नेतात. इथे तसं नव्हतं. मी तसं सुचवलं मात्र, प्रमोदची आई ताट उचलता उचलता थांबली.

“माजा भाव नाय आला तं पोरीला मांडवात कोनी आनायचा नाय,” ती म्हणाली. “मी आनू देनार नाय.”

काशिनाथांनी मग मुलाकडे न बघताच मुलाला सांगितलं की पुण्याचं शिक्षण आता बास झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळद होती, त्यानंतरच्या सकाळी लग्न. गुण मी दिले होते आणि रडत होती वनिता. मी प्रमोदला म्हटलं, चल, मामांकडे जाऊ.

सहा आसनी रिक्षा एका नाक्यापर्यंत गेली. तिथून पुढे खाजणातून (भरतीचं पाणी शिरतं ती जमीन) बांधावरून चालायचं होतं. दोन्ही बाजूंना मिठागरांचे चौकोन, त्यांत आभाळ उतरलेलं. एरवी मी तिथे बसून चित्र काढलं असतं. पण अर्ध्या वाटेवर माझा पाय चिखलात गेला, चपलेचा अंगठा तुटला, आणि पुढचं सगळं मी चप्पल हातात घेऊन अनवाणी चालले. मामांची समजूत घालायला आलेली बाई अशी दिसायला नको होती. प्रमोद म्हणाला, परत जाऊ या का. त्याला भीती वाटत होती, आणि मलाही.

बाळाराममामा पडवीत बसले होते. साठीच्या पुढचा, उन्हाने रापलेला, शांत माणूस. मी भांडकुदळ माणसाची तयारी करून गेले होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, सुनेला सांगून पाय धुवायला पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. भाच्याला मात्र बसही म्हणाले नाहीत. माझ्या पिशवीतली एक पत्रिका मागून घेतली आणि त्याच्यापुढे धरली.

“वाच.”

प्रमोदने वाचली. एवढीशी पत्रिका, संपायला वेळ लागला नाही.

“माजा नाव कुटं हाय?”

“मामा, समस्त आप्तेष्ट हाय ना. त्यात सगली आली.”

मामा माझ्याकडे वळून बोलले. आवाज जराही चढला नव्हता.

“बाई, आमची जमीन सरकारात गेली तवा नोटीस आलती. पयला नाव चुलत्याचा. पुडं ‘व इतर’. ते इतर म्हंजे आमी. माजा मोटा भाव, दादा, कचेरीच्या पायऱ्या चढून चढून सांगत व्हता, मी हाय, मी हाय. साहेब बोलला, वारस मोप हायत, कागदात मावत नाय. दादा त्या ‘व इतर’ मंदीच मेला.”

तरी मी बोलले. सवय वाईट. झाडं, बांबू, कागदाचा लगदा करताना नासणारं नदीचं पाणी, चकचकीत पत्रिका कुजत नाहीत, खाडीत जातात. वर्गात सांगते ते सगळं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं. खाडीतला कचरा त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, त्यांनी मानही हलवली. मग पत्रिका हातात घेतली आणि खालच्या कोऱ्या भागावरून अंगठा फिरवला. जवळजवळ अर्धी पत्रिका कोरी होती.

“जागा तं हाय,” ते म्हणाले.

ही मोकळी जागा मीच ठेवायला लावली होती. मजकुराला श्वास घ्यायला जागा हवी, असं मी वर्गात शिकवते. कागद वाचवायचा म्हणून आम्ही माणसं काढली होती, आणि निघालेल्या जागेत काहीच ठेवलं नव्हतं, कारण ते सुंदर दिसत होतं. माझे कान तापले. चहा आला, तो मी पिऊन टाकला. निघताना मामांनी सांगितलं की नाव असलेली पत्रिका दाखवा, मी येतो.

परतताना पनवेलात प्रमोदने दोन छापखाने पालथे घातले. लगीनसराई होती, लग्नाआधी काही मिळणार नाही असं सांगून दोघांनीही वाटेला लावलं. आणि खरं सांगते, छापून मिळाल्या असत्या तरी त्या गावोगाव परत वाटणार कोण, आणि आधीच्या कागदाचं काय, हेही माझ्या डोक्यात चालूच होतं. माणूस सुधारत नाही.

सकाळी उठले तर शर्मिला शिडीवर चढलेली. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर चुना आणि गेरूने गणपती आणि वर-वधूची नावं काढायची इथे रीत आहे, ते काम तिने अंगावर घेतलं होतं. प्रमोद खाली उभा राहून बघत होता. बराच वेळ बघून तो म्हणाला, “मॅडम, भिंतीला कागद लागत नाही.”

त्याने नुसतं एवढंच म्हटलं आणि आत जाऊन आईला बाहेर आणलं. आई नावं सांगू लागली. मामा, मावश्यांचे यजमान, काका, आत्याकडची मंडळी, चुलतभावांची पोरं. शेजारच्या म्हाताऱ्या जमल्या आणि कोण थोरला, कोण धाकटा यावरून त्यांच्यात जुंपली. एक नाव दोनदा पुसून तिसऱ्या जागी गेलं. दादांचं नाव आलं तेव्हा आई म्हणाली, ‘कैलासवासी’ लिव. शर्मिला अक्षर आखत होती, प्रमोद भरत होता, मी खाली चुना कालवत होते. गणपती लहान करावा लागला. दुपारपर्यंत दारापासून कोपऱ्यापर्यंत भिंत भरली. काशिनाथ दोनदा येऊन बघून गेले. मग सदरा घालून, स्कूटर काढून स्वतः मेव्हण्याकडे गेले.

ते परतले ते एकटेच. मामा काय म्हणाले विचारलं तर “आयकलान” एवढंच सांगितलं. म्हणजे ऐकून घेतलं, बाकी काही नाही.

हळदीची वेळ झाली. धवलारीण (लग्नाची गाणी म्हणत विधी चालवणारी बाई) येऊन बसली. तिने पहिलं गाणं म्हटलं, मग तेच पुन्हा म्हटलं, कारण वनिताची आई बाहेर यायला तयार नव्हती. पाहुणे भिंतीसमोर उभे राहून आपापली नावं शोधत होते, एकमेकांना दाखवत होते, आणि मला त्यातलं काही धड दिसत नव्हतं. मी रस्त्याकडे बघत होते. माझ्या हाताचा चुना वाळून कातडी ओढत होती.

दिवेलागणीला मामा आले. बरोबर सून, मुलगा, नातवंडं. मांडवात न शिरता ते भिंतीपाशी गेले. गर्दी आपोआप मागे सरली. ते एका टोकापासून वाचत निघाले, बोट न लावता, ओठ हलवत. स्वतःच्या नावापाशी थांबले नाहीत. दादांच्या नावापाशी थांबले. मग पुढे, थेट शेवटपर्यंत. तिथून वळून म्हणाले,

“एक नाव ऱ्हायला.”

प्रमोदचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर रडूच यायचं बाकी होतं. म्हाताऱ्या कुजबुजायला लागल्या, कोणाचं राहिलं, कोणाचं.

“माजी भयन,” मामा म्हणाले. “ह्या घरात तिचा लगीन झाला तवापासून ‘सौ. व श्री. काशिनाथ’. तिला नाव नाय काय?”

सकाळपासून सगळी नावं तिनेच सांगितली होती आणि स्वतःचं सांगितलं नव्हतं. आमच्यापैकी कोणी विचारलंही नव्हतं, मी एक बाई असून मीही नाही. प्रमोद ब्रश घेऊन पुढे झाला, आणि अडला. भिंत भरली होती. तेव्हा काशिनाथ पुढे आले. त्यांनी हाताने दाखवलं, दाराच्या वर, गणपतीच्या शेजारी. प्रमोदने शिडीवर चढून लिहिलं: हिरा. मामा मांडवात शिरले आणि आतून बहीण बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मामांनी वनिताला हात धरून आणलं आणि तिच्या पाठीशी ताठ उभे राहिले. अक्षता टाकताना माझा नेम चुकला, कारण डोळ्यांपुढे धूसर झालं होतं. शिक्षणाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. काशिनाथांनी दुपारी पंगतीत मुलाला हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं, त्यातच ते आलं.

मी निघाले तेव्हा हिराताई मला सोडायला दारापर्यंत आल्या. मला थांबवून त्यांनी एक स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, आणि दारावरच्या अक्षरांखाली बोट ठेवलं. त्यांना लिहितावाचता येत नाही. बोट बरोबर ‘हि’च्या खाली होतं आणि ते ‘रा’च्या खाली सरकलं.

“ह्या दोनच हायत व्हय,” त्या म्हणाल्या. “किती जागा लागली असती?”

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. आपण शिकवतो ते चूक आहे असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. कागद वाचलाच पाहिजे. पण कमी करायचं म्हटलं की हात आधी कुठे जातो, ते मला पनवेलला दिसलं, आणि त्याची लाज वाटली. खोपोली मागे पडल्यावर मी पिशवीतून एक उरलेली पत्रिका काढली. पेन्सिल काढली आणि भिंतीवरची नावं कोऱ्या भागात उतरवू लागले. गाडी हलत होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं. नक्षी खोडली, समास कमी केला, हिराताईंचं नाव वर घेतलं, ‘समस्त आप्तेष्ट’ काढून टाकलं.

घाट संपला तेव्हा सगळी माणसं त्याच कागदात बसली होती, आणि तरी थोडी जागा उरली होती.