कालभुजचे डोळे

"मॅडम, तुमचे दोन खेळाडू उलटे बसले होते. मी जागा बदलून घेतल्या."

निनाद, आमच्या मुंबईच्या प्रकाशनाचा संपादक, फोनवर हे अशा सुरात म्हणाला की जणू माझ्यावर उपकारच केलेत. मी पेणला माझ्या टेबलाशी बसून त्याने पाठवलेलं प्रूफ उघडलं आणि डोक्यात तिडीक गेली. नसीमाला उचलून चंदनीपुढे बसवलं होतं, प्रकाशला कालभुजपुढे.

उलटं काही नव्हतं. त्याने केलं होतं.

आधी प्रकरण काय ते सांगते. मी कॉमिक काढते. त्यातली गोष्ट कुणी एकटा लिहीत नाही, ती खेळली जाते. याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. माणसं टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्याच्या तोंडून बोलतात. राक्षसावर वार बसला की हुकला, ते फासे ठरवतात. आमचा खेळ रविवारी दुपारी रोह्याला चालतो, इरफानच्या झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत. गोष्ट इरफान सांगतो. मी एसटीने जाते आणि कोपऱ्यात बसून स्केचेस करते.

नसीमा ही इरफानची बहीण. नवरा गल्फला, घरी सासू आणि शिलाई मशीन. एरवी तिला काही विचारलं तर उत्तर ऐकायला पुढे वाकावं लागतं. पण फासे हातात आले की ती कालभुज होते. कालभुज म्हणजे दाढीवाला, दाराएवढा रुंद, कुऱ्हाड घेऊन फिरणारा योद्धा. "मागं सरा सगली! पूल माझा हाय!" असं ती ओरडली की झेरॉक्स काढायला आलेलं गिऱ्हाईक आत डोकावतं.

प्रकाश डोलवीला कंपनीत क्रेन चालवतो. अंगाने पैलवान. त्याने घेतलीय चंदनी, जखमा बांधणारी वैद्यीण. "शिफ्टभर लोखंडच उचलतो, ताई. रविवारी परत कुऱ्हाड कोन उचलंल?" असं म्हणतो, आणि घायाळ सैनिकाशी इतक्या मायेनं बोलतो की ऐकत राहावं.

वाचक विचारू लागले, या पात्रांमागे खेळतं कोण? म्हणून प्रकाशनाने एक खास पान ठरवलं. पुढे खेळाडू, त्याच्यामागे उभं त्याचं पात्र. नसीमा फोटोला नाही म्हणाली, चित्राला हो म्हणाली. तो 'हो' सोपा नव्हता. सासू तिला दर रविवारी विचारायची, "तिथं काय करतेस गो इतका येल?" खेळ सांगून सासूला कळत नव्हता. नसीमा मला म्हणाली, "ताई, पुस्तकात बगतील तवा कळंल त्यांना. मी सांगून ठेवलंय, माझं नाव येनार हाय." सगळ्या घरासमोर तिची एवढी एकच गोष्ट पणाला लागली होती.

मी निनादला फोन लावला.

"जागा होत्या तशा करा. कालभुज नसीमा खेळते."

"अहो मॅडम, पण वाचकांना पटायला नको? बुरख्यातली बाई कुऱ्हाड घेऊन?"

"बुरखा कुणी सांगितला तुम्हाला? मी काढलाय का?"

चित्रात नसीमाच्या खांद्यावर ओढणी होती आणि गळ्यात शिंप्याची टेप. त्याने चित्र बघितलंच नव्हतं, फक्त नाव वाचलं होतं. नाव वाचून या बाबाने माणूस कल्पून टाकला, आणि त्या कल्पनेतल्या बाईला जखमा बांधायला बसवलं!

दोन दिवसांनी निनादकडून तोडगा आला. नावंच नकोत. कालभुजपुढे जिमला जाणारा मुंबईचा मुलगा दाखवा, चंदनीपुढे कॉलेजची मुलगी. "कल्पनेनेच काढा ना मॅडम. तुम्ही आर्टिस्ट आहात."

"खरी माणसं समोर बसलेली असताना कल्पना कशाला?"

"मार्केटिंगला तो चेहरा हवाय. तुम्ही नाही काढलात तर इथे काढून घेतो, डोळे तेवढे तुम्ही काढा."

आता माझी कामाची पद्धत सांगायला हवी. कॉमिकच्या आधी मी बरीच वर्षं पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणं. ते सगळ्यात शेवटी, आणि डोळे झाल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही, गिऱ्हाईक कितीही घाईला येवो. तीच सवय मला कागदावर लागली. पहिल्या प्रूफमध्ये माझ्या माणसांना डोळे नसतात. सगळं पक्कं झालं की मी ते काढते.

मी सांगितलं, "त्या जिमवाल्याला मी डोळे काढणार नाही. पान इथेच थांबलं."

"डोळेच राहिलेत ना?" निनाद म्हणाला. "इथला आर्टिस्ट भरेल."

आणि खरंच भरले. पुस्तक छापून आलं. नसीमाच्या जागी एक दंड फुगवलेला पोरगा फासे टाकत होता. मी संतापून पुस्तक मिटलं. पण हे तिला फोनवर सांगणं बरं नव्हतं. पिशवीत घालून रोह्याला तिच्या घरी गेले.

दार उघडतानाच तिचा चेहरा फुलला. मी म्हटलं, "नसीमा, त्यांनी तुला काढून टाकलं." ती मशीनवर पडलेल्या कापडाची उगाच घडी घालत बसली. मला त्या क्षणी निनादला तिथे आणून उभं करावंसं वाटलं.

सासूबाईंनी पुस्तक ओढून घेतलं. चष्मा लावला, पान उघडलं. बराच वेळ बघितलं. मग एका तळव्याने त्या पोराचे ओठ आणि हनुवटी झाकली, दुसऱ्याने कपाळावरचे केस.

"ह्ये डोले तर आपल्या नसीमाचे हायत."

मी पुस्तक जवळ घेतलं. डावी पापणी किंचित उतरलेली, उजवी भुवई वर. फासे टाकताना नसीमाची होते तशीच. मी पहिल्या अंकापासून कालभुजला तेच डोळे देत आलेय. मुंबईच्या आर्टिस्टने खेळाडू आणि पात्र जुळावं म्हणून जुन्या अंकातले कालभुजचे डोळे उचलले होते आणि त्या पोराच्या तोंडावर चिकटवले होते.

"मंग ह्या पोऱ्याचं थोबाड कशाला वर?" सासूबाईंनी विचारलं. नसीमा हसली, आणि त्यांच्याशेजारी बसून कालभुजने पूल कसा राखला ते सांगू लागली. हळू नाही, रविवारच्या आवाजात.

पुढच्या महिन्यात निनादचा फोन. "मॅडम, त्या जिमवाल्याचे डोळे लोकांना फार आवडलेत. काय नजर आहे! आपल्या आर्टिस्टला आठवत नाही कुठून घेतले ते. तुम्हाला काही कल्पना?"

"कल्पना नाही, माहिती आहे," मी म्हटलं आणि नसीमाचं नाव सांगितलं. पुढच्या अंकात चूक दुरुस्त करून तिचं चित्र आणि नाव छापा, तोवर माझ्याकडून एकही पान येणार नाही, हेही सांगितलं. बघतो म्हणाला. अजून बघतोय.

तोवर कालभुज माझ्या टेबलावर कुऱ्हाड उगारून उभा आहे, डोळ्यांशिवाय. या धंद्यात मी एवढंच शिकले: डोळे शेवटी काढावेत, आणि नाव लागल्याशिवाय मुळीच काढू नयेत.