ट्रॅक्टरचा कनेक्टर

रुचिता मगदूम ही मंगळवार पेठेतल्या आण्णांची मुलगी. आण्णा पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात. रुचिता इंजिनियर झाली, बंगळुरूला विमानांच्या वायरिंगचं काम शिकली आणि लग्नाचा विषय काढणाऱ्या आत्यांना तोंडावर नकार देऊन परत आली. आण्णांचे चुलतभाऊ धनपाल यांच्या गोकुळ शिरगावातल्या कारखान्यात शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या विमानांचं वायरिंग नुकतंच सुरू झालं होतं. कुठं कोणता कनेक्टर, म्हणजे वायरी जोडणारा सांधा, बसवायचा, हे ठरवणं तिच्याकडे आलं.

इंजिनाजवळ तिनं धातूचा, फिरवून घट्ट बसणारा कनेक्टर ठरवला. तिथं उष्णता भाजून काढते, तेल उडतं, थरथर थांबत नाही. पण तो माल परदेशातून येताना अडकला. मग धनपालकाका एक प्लॅस्टिकचा कनेक्टर घेऊन तिच्या टेबलाशी आले.

"ह्यो बसव. करंट तेवढाच घेतोय, पिनाबी तेवढ्याच."

"हा ट्रॅक्टरचा हाय, काका."

"मग? ट्रॅक्टर थरथरत न्हाय व्हय?"

"थरथरतोय की. पण वायर सुटली तर ट्रॅक्टर बांधावर उभा ऱ्हातोय. विमान कुठं उभं करायचं?"

काका इरेला पेटले. त्यांनी कनेक्टर थरथरत्या मशीनवर दिवसभर ठेवला. तो जराही ढिला झाला नाही.

"बघ! नुसता हट्ट तुझा."

"गार हवेत पास झाला. तापवून, तेलात भिजवून दाखवा."

"तेवढा येळ न्हाय."

"मग हा कनेक्टरबी न्हाय."

"उद्यापास्नं स्टोअरला बस. वायरिंग आदर्श बघंल."

शेजारच्या टेबलावर वायरिंग करणारा नवखा आदर्श मान खाली घालून बसला.

"बसते की स्टोअरला," रुचिता म्हणाली. "पण बदल केला तर गिऱ्हाइकाला सांगायला पायजे. तुम्ही सांगताय का मी सांगू?"

"माझ्या माघारी फोन करणार व्हय?"

"माघारी कशाला?"

तिनं फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि विमान बनवणाऱ्या कंपनीतल्या स्नेहल जाधवांना सगळं सांगितलं. माल अडकल्याचं आणि ट्रॅक्टरच्या कनेक्टरचं सांगितलं. तो गार हवेत पास झाला, हेही लपवलं नाही.

मग स्नेहल म्हणाल्या, "इंजिनाजवळ हा नको. आम्ही थांबतो. पण उशिराबद्दल तुमच्या साहेबांशी बोलावं लागेल."

काका तडक निघून गेले.

रुचिताला स्टोअरला बसावं लागलंच. घरी आण्णा म्हणाले, "माफी माग. घरचा माणूस हाय."

"कशाची माफी, आण्णा? सांगा की."

माफी तिनं मागितली नाहीच. राजीनामाही तिनं दिला नाही. रोज वेळेवर जाऊन खोकी मोजत राहिली.

अखेर अडकलेला माल आला. एकेक कनेक्टर तपासून तिनं खोकं उचललं आणि थेट वायरिंगच्या टेबलांकडे निघाली. काका दारातच होते.

"तुला कुणी बोलावलं हितं?"

"कुणी न्हाय. मी ठरवलेला कनेक्टर मीच बसवणार."

काकांनी दारात हात आडवा लावला. ती हलली नाही. शेवटी तेच बाजूला सरकले. रुचितानं टेबलावर जागा केली आणि पहिला कनेक्टर हातात घेतला.

"आदर्श," ती म्हणाली, "ये हिकडं. तूबी शिकून घे."