चावरी भिंत

आमच्या अमरावतीच्या घरात वीज आली तेव्हा मी शाळेत होते. दादाचं लग्न त्यानंतरचं. वहिनी वलगावच्या पलीकडच्या एका खेड्यातली. तिच्या गावात कंदील आणि चिमणी, एवढाच उजेड. घरात आली त्या संध्याकाळी तिने बटन दाबायच्या आधी पदराला हात पुसले, आणि तेवढ्यावरून आम्ही आठवडाभर हसत होतो. बाबा सरकारी कचेरीत कारकून, आई चौथी शिकलेली. आम्ही स्वतःला शहरातले समजत होतो.

पाण्याचं सगळं काम वहिनीकडे आलं. मागच्या अंगणात न्हाणी होती आणि तिच्या भिंतीत नळ. सकाळी पाणी आलं की वहिनी सगळ्यांच्या बादल्या भरायची, मग तिथेच ओल्या फरशीवर अनवाणी बसून धुणं धुवायची. आम्हाला बादली भरलेली मिळायची. नळाला हात लावायची वेळ आमच्यापैकी कोणावर येत नसे.

पावसाळा संपता संपता ती एकदा आईला म्हणाली, "आई, न्हाणीतली भित चावते वो."

आईने लक्ष दिलं नाही. पुन्हा म्हणाली तेव्हा आईने विचारलं, "काहून वं, तुह्या गावात भिती चावत नव्हत्या का?"

नळाला हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या येतात, असं तिचं म्हणणं होतं. दादालाही तिने सांगितलं असावं, कारण त्याने जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर तिची नक्कल करून दाखवली. हात झटकले, डोळे फिरवले. हसता हसता मला ठसका लागला. वहिनी वाढत होती. तिने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

मग ती धुण्याच्या लाकडी मोगरीने नळाची चावी ढकलू लागली. आईच्या ते नजरेस पडलं. चावी मोडेल म्हणून आईने मोगरी काढून घेतली आणि हाताने नळ उघडायची ताकीद दिली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या होत्या. आईने त्यांना चावऱ्या भिंतीची गोष्ट सांगितली. एकीला ते पाहायचंच होतं. आईने वहिनीला मागच्या अंगणात बोलावलं, बायका दारात उभ्या राहिल्या. नवी साडी नेसलेली वहिनी नळासमोर थांबून राहिली.

"लाव ना हात," आई म्हणाली. "बायका पाहून राहिल्या."

तिने हात लावला. तिचं सगळं अंग मागे फेकल्यासारखं झालं, बांगडी भिंतीवर आपटून फुटली. बायका हसल्या. हिच्या अंगात येतं, असं एक जण म्हणाली. फुटलेली काच वेचून वहिनी आत गेली आणि त्याच बायकांच्या हातावर तिळगूळ ठेवत प्रत्येकीला गोड बोला म्हणत फिरली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विजेचं बिल आलं. आधीची बिलंही जरा वाढलेली होती, पण हे नेहमीच्या तिप्पट होतं. बाबांनी दारातच ते दोनदा वाचलं. घरात जेमतेम चार दिवे, थंडीत पंखा बंद, रेडिओ आमच्याकडे नव्हताच. मग वीज खाल्ली कोणी? घरात नवीन माणूस एकच होतं. दिवा मालवायचं वळण नाही, असं आईने ठरवून टाकलं. वहिनीने बटनाला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. स्वयंपाकघरातला बल्ब बाबांनी काढून कपाटात ठेवला. तुला चिमणीचीच सवय आहे, असं आईने तिला सांगितलं. चिमणीच्या उजेडात भाकर करपली की त्याचंही तीच ऐकून घ्यायची.

त्या महिन्यात तिचे वडील तुरीची डाळ घेऊन भेटायला आले. बाबांनी त्यांच्यापुढे बिल धरलं आणि तुमच्या मुलीचे प्रताप म्हणाले. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदाकडे पाहून हात जोडले आणि जाताना लेकीला म्हणाले, "माय, दिव्याले हात नको लावू."

पुढचं बिल त्याहून मोठं आलं.

आता बाबांना कचेरीतल्या एकाने सांगितलं, की सगळे दिवे बंद करा आणि मीटरची चकती पाहा. रविवारी सकाळी आम्ही तसं केलं. घरात काही म्हणजे काही चालू नव्हतं, तरी चकती फिरत होती. शेजारी आमच्या तारेवरून वीज चोरतो, असा बाबांचा पक्का समज झाला. त्याला रंगेहाथ पकडायला म्हणून त्यांनी वायरमन बोलावला.

वायरमन तारेच्या मागोमाग न्हाणीपर्यंत गेला. तिथे छपराखाली वायरचं रबर कुजून गेलं होतं, उघडी तार नळाच्या पाइपाला टेकली होती आणि भिंत ओलीगच्च होती. त्याने नळाला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लागला.

"नळाला हात लावल्यावर कोनाले झटका नाही बसला का?" त्याने विचारलं.

आम्ही सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी रिकामी बादली घेऊन उभी होती.

"पानी तूच भरतं का, बाई?"

"हो."

"वाचली," तो म्हणाला आणि शिडी आणायला गेला.

वायर बदलल्यावर आई वहिनीला म्हणाली, "मंग नीट सांगावं नाही का?" दादा मीटरजवळ होता, चकती थांबल्याचं तो बाबांना हाक मारून सांगत होता. त्यापुढचं बिल इतकं कमी आलं की स्वयंपाकघरात बल्ब नसला तरी चालतं, हे बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी तो परत लावलाच नाही. आई मात्र बायकांना सांगायची, की आमच्या घरच्यांनी कशी हुशारीने वीजचोरी शोधायला जाऊन घर वाचवलं. वहिनी तेव्हा चहा देत असे.

पुढे दादाची बदली अकोल्याला झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे गेले होते. दुपारी वहिनी अंबाडीची भाजी निवडत बसली होती आणि मी सहज म्हणाले, की बरं झालं बाबांनी वायरमनला बोलावलं.

ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "बाई, बिल वाढलं म्हनून त्याले बोलावलं. मह्या सांगन्यानं नाही बोलावलं. बिल वाढलं नसतं तं तुमी हसतच राहिले असते. मंग एक दिवस रडले असते."

तिच्या आवाजात राग नव्हता. देठ एकीकडे, पाला एकीकडे, असं तिचं चाललं होतं.

तेवढ्यात दादा आला. काय बोलून राहिल्या म्हणून त्याने विचारलं.

"भाजीचं," वहिनी म्हणाली आणि त्याला पाणी आणायला उठली.