टीचरने पाहिलेलं जग

वसईच्या एका शाळेत मी भूगोल शिकवायचे आणि ती चित्रकला. ती मूळ वसईतल्याच पापडी गावची. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन विरारला आलेली, चंदनसारच्या फ्लॅटमध्ये राहणारी. मुलं तिला 'टीचर' म्हणायची आणि मला 'बाई'. पुढे आमची मैत्री चांगलीच मुरली, पण आम्हीही एकमेकींना याच हाका मारत राहिलो.

तिचे यजमान लवकर गेले. थोरला मुलगा न्यूझीलंडला स्थायिक झाला आणि धाकटा, सून, नातवंडं पापडीच्या घरात. निवृत्त झाल्यावर ती पहिल्यांदा थोरल्याकडे गेली, तीन महिने राहिली आणि येताना एक छोटा कॅमेरा घेऊन आली. तिथून तिला प्रवासाची चटक लागली. मग दर वर्षी ती कुठल्या ना कुठल्या ग्रुपबरोबर निघायची. आल्यावर सगळे फोटो छापून घ्यायची. "मोबाइलमध्ये सरकवून काय बघायचं? हातात धरता आला पाहिजे फोटो," हे तिचं मत.

आणि मला फोन यायचा, "बाई, रविवारी या. अॅटलास घेऊन या."

चर्चमधला सकाळचा मिस्सा आटोपून ती घरी आलेली असायची. पडवीत बाकावर आम्ही बसायचो, समोर केळीची बाग, मध्ये ताटलीत उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी. ती एकेक फोटो पुढे करायची आणि बोलायची. मी अॅटलासात ते ठिकाण शोधायचे आणि ती जे सांगेल ते फोटोच्या मागे बॉलपेनने लिहायचे. तिचं हस्ताक्षर तिचं तिलाच लागायचं नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

पहिल्या खेपेतला एक फोटो मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. थोरल्याच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घातलेत, बस, एवढंच. ती म्हणाली, "तिथे उत्तरेकडे तोंड असलेलं घर लोक भांडून घेतात. दिवसभर ऊन त्याच बाजूने येतं." दक्षिण गोलार्धात भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवत होते. पण त्यामुळे तिथल्या बायका दोरी कुठे बांधतात, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. तेव्हा माझी नोकरी चालू होती. मी तो फोटो वर्गात नेला. मुलांनी पुस्तकातल्या आकृतीकडे बघितलं नसेल इतका वेळ त्या कपड्यांकडे बघितलं.

हॉलंडचा एक फोटो होता. कालवा वर आणि शेत खाली. ती म्हणाली, "आपल्याकडे खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून बांध घालतात ना, तेच हे. फक्त यांनी आख्खा देश बांधाच्या आत ठेवलाय." व्हिएतनामला भर रस्त्यात भात वाळत घातलं होतं आणि मोटरसायकली त्याला वळसा घालून जात होत्या. बायकांच्या डोक्यावर टोकदार टोप्या. टीचर म्हणाली, "इरलं आपण पाठीवर घेतो, त्यांनी नुसतं डोक्यापुरतं ठेवलंय. त्यांना ऊन टाळायचंय, आपल्याला पाऊस." असं तिचं चाललेलं असायचं. बघायची जगभर, पण मोजायची सगळं वसईच्या मापाने. मला ते फार आवडायचं. माझ्या डोक्यात देश म्हणजे अक्षांश, रेखांश, पिकं आणि खनिजं. तिच्यामुळे त्यांत माणसं राहायला आली.

मग तिच्या मनाने पोर्तुगाल घेतलं.

"या वेळी तुम्ही चला, बाई," ती म्हणाली. "आमच्या नावांत, चर्चमध्ये, तोंडातल्या शब्दांत तो देश आहे. मला बघायचाय. पण एकटीने नको. तुम्ही असलात की मजा येईल."

मी हो म्हटलं. पासपोर्ट काढला, त्यासाठी फोटो काढायलाही तीच माझ्याबरोबर आली. फोटोत मी फार गंभीर दिसतेय म्हणून रस्त्यात खूप हसली. घरी यजमान म्हणाले, "जा की, इथे आम्ही आहोत." सासूबाई थकल्या होत्या, पण नणंद त्यांना पंधरा दिवस ठाण्याला न्यायला तयार होती. अडचण म्हणावी अशी एकही नव्हती. तरी जसजसे दिवस जवळ यायला लागले तशी माझी छाती धडधडायला लागली. सासूबाईंना परक्या घरी झोप लागेल का? मागे काही झालं तर? आणि साठीच्या उंबरठ्यावर मी काय हे नवीन काढलंय? जन्मभर जगाचा नकाशा शिकवला होता, पण स्वतःहून नकाशात पाऊल टाकायची वेळ आली तेव्हा पाय उचलेना.

"पुढच्या वर्षी नक्की," मी तिला सांगितलं.

 ती म्हणाली, "बरं. मी बघून येते, पुढच्या वर्षी तुम्हाला दाखवायला नेते."

ती गेली आणि आली. त्या वेळचे फोटो सगळ्यांत जास्त होते. एका किनाऱ्यावर काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या बायका, मासे मधोमध चिरून, उघडे करून जाळीच्या चौकटींवर वाळवत होत्या. "आपल्या राजोडीच्या किनाऱ्यासारखंच! फक्त आपण बोंबील टांगतो, त्या झोपवतात." एका बेकरीचा फोटो होता. तिथे ती 'पाव' म्हणाली आणि काउंटरवरच्या बाईला कळलं. हॉटेलात 'चावी' म्हणाली आणि चावी हातात मिळाली. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, आज्जीचा शब्द तिथे चालला हो." मी ते तसंच फोटोच्या मागे लिहिलं. लिहिताना हेवा वाटला, हे खरं. पण पुढचं वर्ष होतं ना.

पुढच्या वर्षी सासूबाईंचं आजारपण आलं आणि त्यातच त्या गेल्या. त्याच्या पुढच्या वर्षी टीचरचे गुडघे. मग सगळं जगच दार लावून घरात बसलं. माझ्या पासपोर्टवर एकही शिक्का उमटला नाही.

तिचं विसरणं कधी सुरू झालं, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. कारण ती आधीपासून तसंच बोलायची. मासे वाळवणाऱ्या बायकांचा फोटो हातात घेऊन एका रविवारी ती म्हणाली, "ही राजोडी." मी हसले. मला वाटलं, 'सारखी' म्हणायचं राहिलं. मग हॉलंडचं शेत तिच्या माहेरचं झालं. व्हिएतनामच्या रस्त्यावर तिला ओळखीची माणसं दिसायला लागली. मी हसत राहिले आणि मागे लिहिलेलं वाचून दाखवत राहिले. डॉक्टरकडे न्यायचं सुनेने आधी ठरवलं, मला सुचलंही नाही. रविवारच्या रविवार मीच तिच्या शेजारी बसलेली असायचे.

आता ती माझ्याशी शाळेतल्या मराठीत सुरू करते आणि मध्येच तिच्या घरच्या बोलीत शिरते. ती बोली मला अर्धीमुर्धीच कळते. सून जवळ असली तर सांगते. फोटो मात्र तिला लागतात. फोटोंचा डबा मांडीवर घेऊन बसते. मी एकेक उचलते, मागचं माझंच अक्षर वाचते आणि तिचे प्रवास तिला सांगते. मी न पाहिलेल्या गावांत तिने काय खाल्लं, वारा किती होता, चर्चच्या दारात कोण बसलं होतं. ती लहान मुलीसारखी ऐकते.

एकदा बेकरीचा फोटो आला तेव्हा तिने विचारलं, "तुम्ही होतात ना बरोबर?"

"नाही हो टीचर. मी आले नव्हते."

"का?"

तिच्या चेहऱ्यावर अगदी खरं आश्चर्य होतं. सासूबाई म्हणू? धडधड म्हणू? ती थांबली होती उत्तरासाठी. मग तिचे ओठ थरथरले. "मी बोलवलं नाही तुम्हाला?" ती म्हणाली.

"बोलवलंत. खूप बोलवलंत."

त्या दिवशी तिला शांत करायला सुनेला बराच वेळ लागला. मी रिक्षाने स्टेशनला गेले आणि गाडीची वाट बघत बाकावर नुसती बसून राहिले. दोन गाड्या सोडल्या.

पुढच्या खेपेला तिने पुन्हा तेच विचारलं तेव्हा मी "होते ना" म्हटलं. तिने माझा हात धरला आणि पुढचा फोटो काढायला सांगितला.

गेल्या महिन्यात निघताना तिची सून फाटकापर्यंत आली. जरा घुटमळून म्हणाली, "बाई, एक विचारू? तुम्ही खरंच गेला होतात मम्मीबरोबर पोर्तुगालला? आमच्या ह्यांना तर आठवत नाही."

"नाही गं. का?"

"मग त्या इतकं कसं सांगतात? रोज सांगतात मला. एका गावात खूप चढ होता, बाई दमल्या, पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, 'तुम्ही पुढे व्हा.' मम्मी म्हणाल्या, 'नाही, मीपण बसते.' मग दोघी तिथेच बसून राहिल्या, ग्रुप पुढे गेला."

मी फाटकाची कडी धरून उभी होते.

"अजून काय सांगतात?" मी विचारलं.

"खूप सांगतात. समुद्राला तुम्ही घाबरलात म्हणे. लाटा मोठ्या होत्या. त्यांनी तुमचा हात धरून पाण्यात नेलं."

"मग?"

"मग काय, साडी भिजली," सून म्हणाली आणि हसली. "तुम्ही रागावलात त्यांच्यावर."

आत पडवीत टीचर डब्यात काहीतरी शोधत होती. सुनेला स्वयंपाकाची घाई होती, तरी ती थांबली होती. मी तिला म्हटलं, "सांग ना, त्यानंतर आम्ही कुठे गेलो?"