मी निवडलेला प्रोसेसर

आमच्या विट्यात जिकडंतिकडं गलाईवाले. मीही उमेदीची वर्षं परमुलखात सोनं गाळण्यात काढली आणि परत आलो. तेव्हापासून नात्यागोत्यात माझी ख्याती अशी की ह्याला सगळ्यातलं कळतं. खरं तर सोन्यापलीकडं मला काडीचं कळत नाही. पण कुणी विचारलं की गप्प बसवत नाही, हा माझा आजार.

पलूसची माझी भाची सांगलीला आर्किटेक्टचं शिकते. तिला इमारतींची चित्रं काढायला दणकट कॉम्प्युटर, वर्कस्टेशन म्हणतात तसला, घ्यायचा होता. दाजींचं म्हणणं, कॉलेजच्या मॅडम सांगतात तसा घेऊ. आक्का हटून बसली, "माझ्या भावानं जग बघितलंय, त्यो सांगंल त्योच घ्यायचा." नवराबायकोची चांगलीच जुंपली आणि शेवटी मला बोलावणं आलं.

दुकानात मी छाती काढून उभा. भाची हळूच म्हणाली, "मामा, मॅडम म्हणत्यात रॅम लय पायजे. बत्तीस जीबी तरी."

मी तिला उडवूनच लावलं. "आगं, प्रोसेसर बघायचा! मेंदू दांडगा असला की बाकीचं आपोआप हुतंय."

सोन्यात शुद्धतेचा आकडा एकदा कळला की पुढं बोलायचं काम नाही. मी तोच न्याय इथं लावला. प्रोसेसर दुकानातला सगळ्यात भारी, आणि रॅम फक्त आठ जीबी. दाजींनी पैसे मोजले.

गेल्या महिन्यात पलूसला गेलो, तर मशीनवर कापड झाकलेलं. भाची कुठाय विचारलं, तर सांगलीला, मैत्रिणीकडं.

"कॉलेजला सुट्टी हाय तरी रोजच जाती," आक्का म्हणाली. "शेवटच्या वर्षाचं काम ह्या आठवड्यात द्यायचंय. न्हाई दिलं तर वरीस वाया. तितं अभ्यास हुतो म्हणती."

माझं डोकंच फिरलं. घरात एवढं मशीन असताना पोरगी एसटीनं हेलपाटे घालते? उंडारत असणार, दुसरं काय! ती दारात आली तसं मी तोंड सोडलं. चपला काढायच्या आधीच नको नको ते बोललो. आक्का मधे पडली तर तिलाही गप्प केलं.

भाची आत आली. तिनं मशीन चालू केलं आणि आपलं काम उघडलं. एका दवाखान्याची इमारत होती, जिन्याखिडक्यांसकट. निम्मी दिसली आणि पडदा जो थिजला तो हलेना. मग बऱ्याच खटपटीनं तिनं एक चौकट उघडली. आत कोण किती राबतंय ते त्यात दिसतं म्हणे. प्रोसेसर अकरा टक्के. मेमरी सत्त्याण्णव.

"मामा, तुमच्या दुकानात कारागीर लय तरबेज हाय, पर त्याच्या म्होरं पाटाएवढीच जागा दिली तर? एक जिन्नस घ्यायचा तर दुसरा उचलून आतल्या तिजोरीत ठिवून यायचा. सारखं ऊठ-बस. त्यो काम कवा करणार? रॅम म्हंजे ती म्होरची जागा."

कळलं. असं लख्ख कळलं की कानशिलं तापली. मी निवडलेला तो भारी मेंदू हातावर हात ठेवून बसला होता, आणि पोरगी रोज एसटीत उभी.

"मग आधी सांगायचं न्हाईस व्हय?"

"सांगितलं व्हतं की फोनवर. तुमी म्हणाला, मशीन वापराय अक्कल लागती."

म्हणालो होतो. तिनं सांगितल्यावर आठवलंही.

"आन् पप्पांस्नी?"

"त्यांस्नी सांगितलं असतं तर आईला जल्मभर ऐकाय लागलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगली गाठली, तिनं सांगितल्या तशा रॅमच्या पट्ट्या घेतल्या आणि परत आलो. भाचीनं पेटी उघडून जुनी पट्टी काढली, नव्या खटकन बसवल्या. अर्ध्या चहाचंसुद्धा काम नाही हो! दवाखाना वरपासून खालपर्यंत उघडला. आता काम वेळेत होईल म्हणाली.

तेवढ्यात दाजी शेतातनं आले. पेटी उघडी बघून दारातच थांबले. "काय, बिघडलं काय मशीन?" आवाजात धार होती. सैपाकघराच्या उंबऱ्यावर आक्का हातातली पळी तशीच धरून उभी राहिली.

आता खरं सांगावं, म्हणून मी तोंड उघडलं.

"न्हाई पप्पा," भाची आधी बोलली. "शेवटच्या वर्षाला रॅम वाढवाय लागंल, आसं मामा तवाच म्हणाले व्हते. म्हणून मुद्दाम आल्यात."

दाजींचा चेहरा सैल झाला. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत ते म्हणाले, "पाव्हणं, तुमी लय लांबचा इचार करता. आमीच उगा शंका घेतली. व्हय ना?"

आक्का माझ्याकडं बघत होती. भाची मात्र पडद्याकडं तोंड करून बसली होती, तिनं मान वळवली नाही.

"व्हय," मी म्हणालो.